आमचा भुसा, साठेकाकूंच्या पापड्या

दादा नोकरी सोडून घरी बसले, पण पहिले दोन महिने त्यांचं वेळापत्रक मिनिटानंही हललं नाही. सकाळी सहाला दाढीचा ब्रश मगमध्ये खुळखुळायचा, साडेसहाला इस्त्रीची पँट, पावणेसातला चहा, आणि सातला, म्हणजे कंपनीची बस कोपऱ्यावर यायची त्या वेळेला, माझे वडील बूट घालून तयार. फक्त बस पकडण्याऐवजी ते पुढच्या गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसायचे. बस यायची, हॉर्न द्यायची, उरलेली माणसं चढायची आणि बस निघून जायची. दादा ती वळेपर्यंत बघायचे. मग पेपर उघडायचे आणि बाराला आई जेवायला हाक मारेपर्यंत तेच पान त्यांच्यासमोर असायचं. कंपनीनं स्वेच्छानिवृत्ती जाहीर केली होती. इच्छा नक्की कुणाची, हे विचारायची पद्धत नव्हती. देशाची दारं उघडली, नवीन मशीन आली, परदेशातून तयार साचे यायला लागले, असं सगळं पेपरात छान छान छापून येत होतं, आणि आमच्या घरात एक उत्तम कारागीर रोज सकाळी बुटाला पॉलिश करून गॅलरीत बसत होता. मला त्या पॉलिशचा वास आला की रडू यायचं. मी रडायची नाही, आईवर खेकसायची. आमच्याकडे दुःखाची पद्धत तीच होती.

दादा पॅटर्न शॉपमध्ये होते. ओतकामात लोखंडाचा एखादा भाग बनवायचा तर आधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो, तो वाळूत दाबून साचा उठवायचा आणि मग त्यात रस ओतायचा. तो लाकडी नमुना दादा करायचे. केसाइतका फरक त्यांना बोटाला कळायचा. घरात पोळपाट जरा डुगडुगला तर ते जेवण सोडून उठायचे. असा माणूस सागवानाशिवाय दुसऱ्या कशाला हात लावत नसे, आणि त्यांना पुन्हा उभं केलं ते मात्र एमडीएफनं, ह्याचं मला आजही हसू येतं.

झालं असं, की मी बी.कॉम. होऊन कॉम्प्युटरचा कोर्स करत होते. तेव्हा कर्वेनगरात दर चार इमारतींमागे एक कॉम्प्युटर क्लास निघत होता. आमच्या क्लासमध्ये कॉम्प्युटर सहा आणि मुलं चाळीस. कॉम्प्युटर ठेवले होते ते शाळेतल्या जुन्या बाकांवर. सरांना नवी शाखा काढायची होती, टेबलं हवी होती, आणि सुताराकडे गेले तर तो सहा महिन्यांची मुदत सांगत होता. मी पटकन बोलून गेले, "माझे वडील करतील." घरी येऊन सांगितलं तेव्हा दादांनी विचारलं, "लाकूड कुठलं?" मी म्हटलं, "एमडीएफ." त्यांनी तोंड असं केलं, जसं कुणी त्यांच्या चहात मीठ टाकलं होतं. "ते लाकूड नाही. भुसा डिंकात कालवून थापलेला असतो. सुतारकामातली शिळी भाकरी." पण दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते गॅलरीत बसले नाहीत. मागच्या बाजूला, तळमजल्याच्या फ्लॅटला मिळते ती फरशीची पट्टी होती. तिच्यावर पत्र्याचं छप्पर घातलेलं होतं आणि तिथे आईच्या कुंड्या, सायकल, फुटका माठ असा संसार होता. दादांनी तो सगळा एका कोपऱ्याला लोटला. हातात धरायचं गोल पात्याचं कटर मशीन आणलं. शीट ठेवायला चार लाकडी घोडे, म्हणजे तिवया, ठोकले आणि त्यांच्यावर पहिली आठ बाय चारची शीट चढवली.

ते मशीन पहिल्यांदा सुरू झालं तो आवाज आईला असह्य वाटला आणि मला सनईसारखा. दादा नाकाला माझी ओढणी बांधून कापत होते. तेव्हा स्कूटीवर बसणाऱ्या पोरी तोंडाला ओढण्या गुंडाळायला लागल्या होत्या. दादांनी तीच पद्धत उचलली, आणि माझी एकुलती एक गुलाबी बांधणीची ओढणी त्यात कायमची गेली. संध्याकाळी ते आत आले तेव्हा भुवया, कान, हातावरचे केस, सगळं खाकी. आईनं त्यांना दारातच अडवलं आणि टॉवेलनं झोडपून काढलं. ते हसत होते. दोन महिन्यांनी त्या घरात कुणी हसलं. त्या दिवशी बाजरीची भाकरी आणि झणझणीत सुकट होती आणि दादांनी तिसरी भाकरी मागून घेतली, एवढं मला स्वच्छ आठवतं.

आता भुशाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं महाभारत त्याच्यावरून झालं. सागवान कापलं की भुसा पडतो. दाणेदार असतो, खाली बसतो, झाडला की गोळा होतो. एमडीएफचा भुसा पडतच नाही. तो मैद्यासारखा असतो, उडतो, तरंगतो, आणि सावकाश जिथे जायचं तिथे जातो. आमच्याकडून तो वर जायचा. वर, पत्र्याच्या बरोबर डोक्यावर, पहिल्या मजल्यावर साठ्यांची गॅलरी होती. साठेकाका आणि काकू शनिवार पेठेतून आलेले. काका शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, फारसे दिसायचे नाहीत. काकू दिसायच्या आणि ऐकूही यायच्या. बारीक, ताठ, नऊवारीची पाचवारी केलेली पण बाणा नऊवारीच ठेवलेली बाई. त्यांना आवाज चढवायची गरज पडत नसे. पंधरा दिवसांनी सोसायटीची मीटिंग पार्किंगमध्ये भरली, तिथे पाण्याच्या टाकीचा विषय संपल्यावर त्या उठल्या आणि म्हणाल्या, "कांबळे, आमच्याकडे न मागवता फर्निचर येतंय. पावडरमध्ये. परत कुठे पाठवायचं तेवढं सांगा." सगळे हसले. मीसुद्धा हसले असते, पण दादांचा चेहरा पाहिला. बाईंनी पुढे शांतपणे सांगितलं की राहत्या इमारतीत कारखाना चालणार नाही, तो बंद करावा, असा ठराव त्या मांडत आहेत.

दादा उभे राहिले. चारचौघांत ते बोलतच नसत. म्हणाले, "वहिनी, मला पुढचा रविवार द्या. त्या दिवशी सकाळी मी चार शीटा कापतो. तुमच्याकडे भुसा आला तर ठराव करायची गरज नाही. मशीन मी स्वतः विकतो." मी त्यांचा शर्ट मागून ओढत होते. काकू म्हणाल्या, "ठीक आहे. मी त्याच दिवशी साबुदाण्याच्या पापड्या घालते. प्लॅस्टिकवर नाही, पांढऱ्या धोतरावर. म्हणजे वाद नको." दादा म्हणाले, "चालेल." अशी पैज लागली. घरी येताना जिन्यापाशी मी तणतणले, "कशाला शब्द दिलात? भुसा नुसतं निमित्त आहे. त्यांना आपणच नको आहोत." हे मी उगाच म्हणत नव्हते. सहा वर्षं आम्ही एकाखाली एक राहत होतो. दिवाळीत त्यांच्या घरातून सगळ्या इमारतीत फराळाची ताटं फिरायची. आमच्या दारावरून सरळ पुढे जायची. भांडण नव्हतं. नुसती ताटं थांबत नव्हती. आमच्या दारावर बुद्धाची तसबीर होती आणि खिडकीतून अधूनमधून सुकटीचा वास जायचा, त्यामुळे कारण विचारायला कुणी गेलं नाही. दादांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असेलही तसं. पण तक्रार भुशाची केलीय ना? मग उत्तर भुशाचंच द्यायचं." मला ते उत्तर तेव्हा फार मवाळ वाटलं होतं. आता वाटत नाही.

सोमवारी दादांना स्क्रू आणि बिजागऱ्या आणायला रविवार पेठेत जायचं होतं. जाताना त्यांनी नव्या शीटा भिंतीशी उभ्या करून ठेवल्या होत्या. मी घरी होते आणि डोक्यात एकच विषय, भुसा कसा बसवायचा. मग मला एकदम साक्षात्कार झाला. आई अंगण झाडायच्या आधी काय करते? पाण्याचा शिपका मारते, मग धूळ उडत नाही. इतकी साधी गोष्ट दादांना कशी सुचली नाही, ह्याचं मला नवल वाटलं. पुरुषांना झाडू कधी हातात धरायचा नसतो, त्यांना काय कळणार, असंही वाटलं. मी बादली भरली आणि शीटांवर, कापून ठेवलेल्या तुकड्यांवर, फरशीवर, सगळीकडे हातानं छान पाणी मारलं. एप्रिलचं ऊन, पाणी लगेच वाळत होतं, म्हणून त्यावर ओली गोणपाटं पांघरून ठेवली, जशी माठाला गुंडाळतात. आईला बोलावून दाखवलं. आईलाही ते पटलं. तिनं आणखी दोन तांबे ओतले.

दादा चारला आले. गोणपाट उचललं. शीटांच्या कडा फुगल्या होत्या. खालची बाजू, जिथे पाणी साठलं होतं, ती तर दुधात पडलेल्या टोस्टसारखी. नखानं खरवडलं तर लगदा हातात येत होता. दादांनी खिशातलं माप काढलं, कड मोजली, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अठरा मिलिमीटरची शीट तेवीस झाली. कंपनीत वीस वर्षांत मला पगारवाढ एवढी मिळाली नव्हती." मी ओक्साबोक्शी रडायला लागले. ते घाबरले. मला घोड्यावर बसवलं, पाणी आणून दिलं आणि म्हणाले, "चूक माझी आहे, सुजाता. मी तुला लाकूड शिकवलं, हे शिकवलंच नाही. हे लाकूड नाही, हा कागदाचा मोठा भाऊ. पाणी दिसलं की पितो." मग ते शांतपणे फुगलेल्या कडांवर पेन्सिलनं रेघा मारायला लागले, ओला भाग कापून टाकला की मधल्या तुकड्यांतून कीबोर्डचे सरकते खण निघतील, असा त्यांचा हिशोब होता. मी लिहिते आहे त्या टेबलालाही तसाच खण आहे, पण तो मॉलमधून आला आणि दर पावसाळ्यात अडकतो.

रडून झाल्यावर मला राग आला. माझा राग असाच येतो, उशिरा आणि चुकीच्या माणसावर. मी तडक वर गेले आणि साठ्यांची बेल दाबली. काय काय बोलायचं त्याची जिन्यातच तयारी झाली होती: तुमच्या धोतरापायी आमचं नुकसान झालं, तुम्हाला काय, तुमची पेन्शन चालू आहे, वगैरे. काकूंनी दार उघडलं. त्यांच्या मागे खोलीत काका पलंगाच्या कडेवर पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसले होते आणि त्यांची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. आवाज येत होता, शिट्टीसारखा. खिडक्या बंद होत्या, त्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबले होते. भर एप्रिलात, त्या उकाड्यात.  मी म्हटलं, "काकू, दमा आहे?" त्या म्हणाल्या, "नाही, हौस आहे." मग लगेच त्यांचा चेहरा उतरला आणि त्या हळू आवाजात म्हणाल्या, "कुणाला सांगू नकोस. ह्यांना आवडत नाही." मला स्वतःची लाज वाटली. अशी सरसकट, कानापर्यंत लाज. ताटांचं खरं होतं आणि दम्याचंही खरं होतं, दोन्ही एकाच घरात. मी इतकी वर्षं ह्याचा विचार करते आहे, आणि त्यातलं एक दुसऱ्याला खोडत नाही, एवढंच मला कळलं आहे.

काकांनी हातानं मला थांब म्हणून खूण केली. दम्याचा पंप ओढला, श्वास जरा जागेवर आला, आणि पहिलं वाक्य काय बोलले, तर, "तुम्ही संध्याकाळी कापता, तेच चुकतं. संध्याकाळी वारा पश्चिमेकडून येतो, सगळं उचलून आमच्याकडे. सकाळी नऊपर्यंत हवा पडलेली असते." भूगोलाचे मास्तर. मी सांगितलं की पाणी मारलं आणि शीटा फुगल्या. ते हसले, मग खोकले, मग पुन्हा हसले. "उडालेला भुसा कोण पकडणार? उडायच्या आधी पकडा. अगं, ते माळ्यावरचं धूड दे हिला." काकूंचा चेहरा कडू झाला. धूड म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर होता. तेव्हा टाय लावलेली पोरं घरोघरी येऊन गादीतून किलोभर धूळ काढून दाखवायची आणि मशीन गळ्यात मारून जायची. काकूंसारखी काकूसुद्धा त्या टायला फसली होती आणि ती गोष्ट त्यांनी अख्ख्या इमारतीपासून लपवली होती. "कुठून आलं ते बोलू नकोस," एवढंच त्या म्हणाल्या.

दादा-आईला मला सगळं सांगावंच लागलं, बाहेर मात्र कुणाला कळलं नाही. मंगळवार ते शनिवार आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. दादांनी मशीनच्या पात्याभोवती दूध पावडरच्या डब्याचा पत्रा वाकवून झाकण बसवलं, त्याला व्हॅक्यूमचा पाइप सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून जोडला. पहिल्या दिवशी पिशवी पाच मिनिटांत गच्च भरली आणि व्हॅक्यूमनं मागच्या बाजूनं भुशाचा असा फवारा सोडला, की आईच्या कुंड्यांपासून माझ्या चहापर्यंत सगळं खाकी. दादा हताश होऊन बसले. आई दारात उभी होती. म्हणाली, "अहो, गिरणीवाला पिठाच्या तोंडाला कापडाची बाही कशाला बांधतो? हवा जाते, पीठ राहतं."  त्या दुपारी तिनं आपले दोन जुने सुती परकर फाडून दुहेरी लांब बाही शिवली आणि व्हॅक्यूमच्या मागच्या तोंडाला बांधली. मशीन सुरू झालं की ती बाही फुगून लोळायची आणि हवा चाळून सोडायची. पुढे माझ्या ऑफिसात मोठमोठे इंजिनिअर भेटले, पण आईसारखा प्रश्न विचारणारे थोडे.

कापायची रीतही दादांनी बदलली. लाकडात चालते ती घाई इथे चालत नव्हती. कडा तुटत होत्या, आणि तुटकी कड म्हणजे जास्त भुसा. आता शीट हवेत न ठेवता ते तिच्याखाली दुसरी टाकाऊ शीट अंथरायचे, म्हणजे पातं खालून बाहेर पडताना पापुद्रा ओढत नसे. पात्याची खोली अशी लावायची, की दात शीटच्या खाली जेमतेम डोकावतील. बारीक दातांचं पातं. रेघेवर चिकटपट्टी, पट्टीवरून धारदार सुरीनं एक खोल रेघ, शेजारी खिडकीच्या अॅल्युमिनियमची सरळ पट्टी शिकंज्यात आवळलेली. आणि मग एकदा मशीन सुरू केलं की एका चालीनं शेवटपर्यंत जायचं, मध्ये थांबायचं नाही, रेटायचंही नाही. "पातं कापतंय, आपण नुसतं बरोबर चालायचं," ते म्हणायचे. माझं काम पाइप धरायचं. पाइप ताठला की मशीन वाकडं जायचं, सैल सोडला की पायात यायचा. शनिवारपर्यंत मला ते जमायला लागलं होतं. दादा मला मध्येच म्हणाले, "उद्या जमलं नाही तर वाईट वाटून घ्यायचं नाही. आपण शब्द दिलाय." मी हो म्हटलं. मला गॅलरीतली ती खुर्ची दिसत होती.

रविवारी सात वाजताच वर काकूंची लगबग ऐकू आली. त्यांनी गॅलरीत खाट टाकली, तिच्यावर पांढरंशुभ्र धोतर अंथरलं आणि पळीपळीनं पापड्या घातल्या. आठला दादांनी ओढणी बांधली. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि साठेकाका खाली आले. हातात घडीची खुर्ची. ती त्यांनी आमच्या पत्र्याखाली, घोड्यांपासून चार हातांवर मांडली आणि बसले. दादा गडबडले. "काका, तुम्ही वर जा. इथे नको." काका म्हणाले, "वरून मला काय कळणार?" दादा म्हणाले, "त्रास झाला तर?" काकांनी पाय लांब केले. "म्हणजे कांबळे, तुमचा तुमच्या पाइपावर विश्वास नाही, असं समजायचं का?"  दादांनी पंप आणलाय का तेवढं विचारलं. काकांनी खिसा थोपटून दाखवला.

पहिली शीट कापायच्या आधी दादांनी रेघ दोनदा मोजून बघितली. मी पाइप धरून होते आणि मला रेघेऐवजी काकांची छातीच दिसत होती. पातं गुणगुणत पुढे गेलं, परकराची बाही फुगली, शीट दोन झाली. दादांनी मशीन बंद केलं. काका नुसते बसले होते. "कडा बघू," म्हणाले. हात फिरवून बघितला, मान हलवली. दुसरी शीट झाली. तिसरी झाली. फरशीवर, पत्र्यावर, उन्हाच्या पट्ट्यात, कुठेच काही तरंगत नव्हतं. चौथी शीट मध्यावर आली आणि काका खोकले.

एकदा, दोनदा, मग सलग. दादांनी मधेच मशीन बंद केलं, जे करायचं नाही असं स्वतःच सांगत होते. ओढणी खाली ओढली. त्यांचा चेहरा पांढराफटक. "संपलं," ते म्हणाले, "सुजाता, वायर काढ." मी वाकले, आणि मलाही ठसका लागला. मग दादांना. काका डोळे पुसत हात हलवत होते, बोलता येत नव्हतं. शेवटी म्हणाले, "भुसा नाही हो. मिरची." स्वयंपाकघराच्या खिडकीतून धूर येत होता. आईला स्वस्थ बसवत नव्हतं, म्हणून तिनं भरपूर लाल तिखट घालून फोडणी टाकली होती. मी हसत हसत खाली बसले. काकांनी दोनदा पंप ओढला, श्वास जागेवर आणला, नाक वर करून अंदाज घेतला आणि हलक्या आवाजात विचारलं, "सुकट का?" दादा ओशाळून हो म्हणाले. "रत्नागिरीकडे होतो चार वर्षं शिक्षक," काका म्हणाले. "हे वर बोलायचं नाही. चला, ती अर्धी शीट पुरी करा."

दादांनी पुरी केली. मध्ये थांबल्यामुळे पातं घासून त्या कडेवर एक जळका काळा डाग राहिला. तो पुढे क्लासच्या सहाव्या टेबलाला होता, आणि मी तिथे शिकवायला लागले तेव्हा तेच टेबल मागून घेतलं. पण ते नंतर. बारा वाजायच्या सुमाराला काकू खाली आल्या. त्या कधी आमच्या दारात आलेल्या मला आठवत नाहीत. हातात स्टीलची ताटली, तिच्यात एकच पापडी, अजून नीट न वाळलेली, मऊ. त्यांनी ताटली दादांच्या समोर धरली. "अख्खं धोतर बोटानं पुसून बघितलं. तरी तुम्ही खाऊन सांगा. कचकच लागली तर ती तुमची." दादांनी हात पँटला पुसले, पापडी उचलली आणि सावकाश चावली.  दादा विचार करत होते, जसे पोळपाटाचा विचार करायचे. "कचकच नाही," ते म्हणाले. "मीठ कमी पडलंय, वहिनी."

 काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच, अगदी थोडं, हसल्या. "उद्याच्या घाण्याला वाढवते. तुम्ही कापत राहा," म्हणाल्या, आणि ताटली परत घ्यायला हात पुढे केला. पण ती एव्हाना आईच्या हातात गेली होती. रिकामं भांडं कुणाच्या घरी परत द्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत, काकूंकडचीही तीच. आई आत गेली आणि मला तिच्या पाठीवरूनच कळलं, की तिला प्रश्न पडला आहे. सुकट घालता येत नव्हती. आमच्या तव्यावरची भाकरी द्यावी, तर त्यांच्या स्वयंपाकघरात ती ठेवतील कुठे? तिनं डबे उघडझाक केल्याचे आवाज येत होते. शेवटी ती शेंगदाण्याचे दोन लाडू ताटलीत घालून बाहेर आली आणि ताटली पुढे धरून उभी राहिली, बघत मात्र जमिनीकडे होती. काकू ती वर नेतील आणि मग त्या लाडवांचं काय होईल ते आम्हाला कुणालाच कधी कळणार नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. काकूंनी ताटली घेतली. जिन्याकडे वळल्या, थांबल्या, आणि तिथेच आमच्या पायरीवर उभं राहून एक लाडू उचलून तोंडात घातला. दुसरा काकांच्या हातावर ठेवला. तोंडातला पुरता खाऊन झाल्यावर आईला म्हणाल्या, "गूळ मात्र बरोबर पडलाय हो."